बिग स्टार : दुकानापर्यंत न पोचलेले संगीत

'नंबर वन रेकॉर्ड', 'रेडिओ सिटी' आणि 'थर्ड' हे बिग स्टार या अमेरिकन रॉक बँडचे तीन अल्बम १९७१ ते १९७४ या काळात टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात ध्वनिमुद्रित झाले. पहिल्याच्या तेव्हा दहा हजारही प्रती खपल्या नाहीत. दुसऱ्याच्या जेमतेम वीस हजार खपल्या आणि तिसरा तर पुढची चार वर्षे बाजारात आणायलाच कोणी तयार झाले नाही. तरीही १९८० नंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गिटारवर उभे राहिलेले जे पॉप संगीत घडले, त्यातला मोठा भाग या तीन अल्बमांच्या ऋणात आहे. अशा कलाकृतींबद्दल 'ते काळाच्या पुढे होते' असे म्हणून विषय मिटवण्याचा प्रघात आहे. बिग स्टारला तो लागू पडत नाही. त्यांची गाणी सोपी, गोड, तीन-चार मिनिटांची होती आणि १९७२ च्या श्रोत्याला ती सहज आवडली असती. ती त्याच्या कानावर पडली नाहीत, याला कारण तबकड्यांच्या व्यापाराची त्या वेळची घडी होते.

मेम्फिस हे मिसिसिपी नदीकाठचे कापसाच्या बाजारपेठेचे शहर. आसपासच्या मळ्यांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत तेथील बील स्ट्रीटवर रुजले. सॅम फिलिप्स यांनी १९५० साली युनियन अॅव्हेन्यूवर ध्वनिमुद्रणाचे छोटेसे दुकान थाटले. पुढे सन स्टुडिओ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच जागेत १९५४ साली एल्व्हिस प्रेसलीची पहिली तबकडी तयार झाली. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल अॅक्स्टन यांनी १९६० मध्ये मॅक्लेमोर अॅव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात आपला स्टुडिओ हलवला. तेथून निघालेल्या स्टॅक्स या कंपनीने ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, आयझॅक हेज असे सोल गायक पुढे आणले. गोरे आणि काळे वादक तेथे एकत्र वाजवत, आणि वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात हे विरळा होते. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात ओटिस रेडिंग गेला. पुढच्या एप्रिलमध्ये याच शहरातल्या लोरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर मेम्फिसचे वातावरण पूर्वीचे राहिले नाही.

या शहरात ज्याची गणना सहसा तिसऱ्या क्रमांकावर होते तो स्टुडिओ म्हणजे आर्डेंट. त्याची सुरुवात एका घरात झाली. जॉन फ्राय या शाळकरी मुलाने १९६० च्या आसपास आपल्या घरी, आजीच्या शिवणकामाच्या खोलीत यंत्रे मांडली. त्याचे साथीदार होते जॉन किंग आणि फ्रेड स्मिथ. हाच स्मिथ पुढे फेडरल एक्सप्रेस या कुरियर कंपनीचा संस्थापक म्हणून जगाला माहीत झाला. फ्रायने १९६६ मध्ये नॅशनल स्ट्रीटवर रीतसर स्टुडिओ काढला आणि स्टॅक्सकडे काम मावेनासे झाले की ते आर्डेंटकडे येऊ लागले. आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल' हा १९६९ चा अल्बम तेथलाच. १९७० मध्ये लेड झेपेलिनच्या तिसऱ्या अल्बमचे मिश्रणही आर्डेंटमधल्या टेरी मॅनिंगने केले. १९७१ च्या अखेरीस स्टुडिओ मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या नव्या इमारतीत गेला.

फ्रायचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या शिकवण्यात होते. संगीताच्या नादी लागलेल्या गावातल्या तरुणांना तो मायक्रोफोन कोठे ठेवावा, पट्ट्या कशा भराव्यात आणि त्यांचे मिश्रण कसे करावे हे पद्धतशीर शिकवी, आणि भरवसा बसला की स्टुडिओच्या किल्ल्या त्यांच्या हाती देई. दिवसा पैसे देणारे गिऱ्हाईक आणि रात्री ही मुले, असा तेथला रिवाज पडला. एरवी कलाकाराला तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा लागे आणि घड्याळाकडे बघत गाणे उरकावे लागे. येथे एकेका गिटारच्या स्वरासाठी पहाट झाली तरी कोणी हटकत नसे. बिग स्टारच्या गाण्यांतली बारीक कलाकुसर या रात्रींतून आली आहे. ती ऐकणाऱ्याला जॉन फ्रायचे नाव बँडच्या चार जणांइतकेच महत्त्वाचे वाटले तर त्यात काही वावगे नाही.

या मुलांतला सर्वांत झपाटलेला होता ख्रिस बेल. सुखवस्तू घरातला, बीटल्सवेडा आणि स्वरांच्या थरांवर थर चढवण्यात रमणारा. अँडी हमल बेस वाजवी आणि जोडी स्टीव्हन्स ड्रम. १९७१ मध्ये त्यांना अॅलेक्स चिल्टन येऊन मिळाला. वयाने तो विशीतला असला तरी प्रसिद्धीचा पुरेपूर अनुभव घेऊन आलेला होता. १९६७ मध्ये सोळाव्या वर्षी त्याने बॉक्स टॉप्स या बँडसाठी गायलेले 'द लेटर' हे दोन मिनिटांहून लहान गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातला आवाज एखाद्या पोक्त सोल गायकाचा वाटतो, इतका तो खरखरीत आहे. पण बॉक्स टॉप्सची गाणी कोणती, ती कशी गायची आणि तबकडीवर कोण वाजवणार, हे सारे वडीलधारे निर्माते ठरवत. १९७० मध्ये चिल्टन त्यातून बाहेर पडला तो आपली गाणी आपणच करायची या निश्चयाने. बिग स्टारमध्ये तो स्वतःच्या मूळच्या, पातळ आणि काहीशा हळव्या आवाजात गाऊ लागला. बॉक्स टॉप्स आणि बिग स्टारच्या तबकड्या पाठोपाठ ऐकल्या तर गायक एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या मधल्या वेळात ही मंडळी खाण्यापिण्याचे सामान घ्यायला ज्या दुकानात जात, त्या किराणा साखळीचे नाव बिग स्टार होते. बँडने तेच उचलले. पहिल्या अल्बमलाही त्यांनी 'नंबर वन रेकॉर्ड' असे बेधडक नाव दिले. बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनी जोडीप्रमाणे जवळपास सगळी गाणी बेल आणि चिल्टन यांच्या जोडनावाने दिली गेली. त्याला एक अपवाद होता हमलच्या 'द इंडिया साँग'चा. मेम्फिसच्या एका तरुणाने कल्पनेत रंगवलेला तो हिंदुस्थान साहेबी ऐषारामाचा आहे. खऱ्या देशाशी त्याचा संबंध नाही आणि अल्बममध्ये ते गाणे थोडे उपरेच राहते.

बाकीच्या गाण्यांत बँडची ताकद दिसते. 'थर्टीन' हे त्यांपैकी बारकाईने ऐकण्याजोगे. ड्रम नाही, बेस नाही, विजेवरची गिटारही नाही. दोन अकूस्टिक गिटारी आणि त्यांवर चिल्टनचा आवाज. शाळेतून घरापर्यंत सोबत यायची परवानगी मागणारा तेरा वर्षांचा मुलगा गाण्यातून बोलतो, आणि मुलीचे वडील, रॉक संगीत, पुढे काय होईल याची धास्ती हे सगळे त्याच्या बोलण्यात दोन-दोन शब्दांत येऊन जाते. मध्ये गिटारींचे एक छोटे वळण आहे. त्यात प्रत्येक तार सुटी ऐकू येते, बोट सरकल्याचा आवाजही लपवलेला नाही. बाकीचे आवाज साथीला येतात, पण अगदी हळू. अडीच मिनिटांत गाणे संपते. किशोरवयावर रॉकमध्ये हजारो गाणी झाली असतील, पण त्या वयाकडे इतक्या आदराने पाहणारे गाणे सापडणे कठीण. 'इन द स्ट्रीट' त्याच वयाचे दुसरे टोक दाखवते. हाती गाडी आहे पण जायला ठिकाण नाही, अशा मुलांची संध्याकाळ त्यात आहे. 'द बॅलड ऑफ एल गूडो'मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीला नकार देणाऱ्या तरुणाचा निर्धार ऐकू येतो.

१९७२ मध्ये अल्बम निघाला. बिलबोर्ड आणि कॅशबॉक्स या व्यापारी साप्ताहिकांनी त्याची भरभरून स्तुती केली. त्या वर्षी रॉकची हवा लांबलचक वादनाची आणि जड ब्लूजची होती हे खरे, परंतु गोड चालींना गिऱ्हाईक होतेच. अडचण पुढे आली.

अमेरिकेत तेव्हा तबकडी श्रोत्यापर्यंत पोचायला अनेक हात लागत. कंपनी तबकड्या काढी, विभागवार वितरक त्या उचलत आणि दुकानदारांना देत. न खपलेला माल परत घेण्याची पद्धत असली तरी दुकानदार फक्त ओळखीचा आणि मागणीचा माल पुढे मांडी. मागणी निर्माण करी रेडिओ. गाणे ज्या आठवड्यात वाजू लागले त्याच आठवड्यात तबकडी त्या गावच्या दुकानात असली पाहिजे. चार आठवडे उशीर झाला की श्रोता दुसऱ्या गाण्याकडे वळलेला असे. आर्डेंटच्या स्वतःच्या लेबलचे वितरण स्टॅक्सकडे होते. स्टॅक्सच्या माणसांना सोल वाजवणारी केंद्रे आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतली दुकाने तळहातासारखी ठाऊक होती, पण गोऱ्या मुलांचा रॉक बँड कोणत्या केंद्राकडे न्यायचा याची त्यांना सवय नव्हती. रेडिओवर गाणे ऐकून दुकानात गेलेल्याला तबकडी मिळत नाही, असे प्रकार गावोगाव घडले.

त्यातच १९७२ च्या शरद ऋतूत स्टॅक्सने आपले वितरण कोलंबियाकडे सोपवले. स्टॅक्सचे अल बेल आणि कोलंबियाचे क्लाइव्ह डेव्हिस यांच्यातला हा करार होता. कोलंबियाला त्यातून सोल संगीताची बाजारपेठ हवी होती, आर्डेंटचा रॉक हा त्यांच्या दृष्टीने सोबत आलेला किरकोळ माल होता. कोलंबियाची वितरणाची यंत्रणा स्वतःची असल्याने जुने स्वतंत्र वितरक बाजूला झाले आणि त्यांच्यामार्फत दुकानांत गेलेल्या 'नंबर वन रेकॉर्ड'च्या प्रतीही मागे घेतल्या गेल्या. नव्या प्रती मात्र दुकानांत आल्या नाहीत. ज्या अल्बमवर इतक्या रात्री खर्ची पडल्या होत्या, तो असा दोन कंपन्यांच्या सांध्यात अडकून नाहीसा झाला. हा धक्का सर्वांत जास्त लागला ख्रिस बेलला. १९७२ संपण्यापूर्वीच तो बँडमधून बाहेर पडला.

बँड येथेच संपायचा, पण मे १९७३ मध्ये आर्डेंटच्या जॉन किंगने देशभरच्या रॉक समीक्षकांना मेम्फिसला बोलावून त्यांचे संमेलन भरवले. शंभरावर लेखक आले. लेस्टर बँग्जसारखा नावाजलेला समीक्षक त्यांत होता, तसा पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेला, तेव्हा कोवळ्या वयाचा कॅमरन क्रोही. उरलेल्या तिघांनी या मंडळींसमोर गाणी वाजवली, आणि एरवी सहसा न हलणारे समीक्षक चक्क नाचले. बाजारात नसलेल्या बँडला त्या रात्री देशभर लिहिते चाहते मिळाले. कंपन्या समीक्षकांना फुकट प्रती पाठवत. बिग स्टारच्या तबकड्या पुढची काही वर्षे टिकल्या त्या बऱ्याच अंशी या फुकट प्रतींच्या रूपाने, मित्रांना ऐकवल्या जात आणि जुन्या तबकड्यांच्या दुकानांत हात बदलत.

त्या रात्रीच्या उत्साहातून 'रेडिओ सिटी' झाला आणि १९७४ च्या सुरुवातीला निघाला. बेल नसल्याने थरांची नक्षी कमी झाली. त्या जागी मोकळेपणा आला, ताल मध्येच अडखळतो आणि सावरतो, गिटार धारदार वाजते. तिन्ही अल्बमांत हाच सर्वांत पक्का आहे. 'सप्टेंबर गर्ल्स' या गाण्यात चाल, गिटार आणि आवाज यांचा असा मेळ बसला आहे की पॉवर पॉप या प्रकाराचा नमुना म्हणून आजही तेच पुढे केले जाते. मुखपृष्ठावर विल्यम एगल्स्टन यांचे छायाचित्र आहे. मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावातल्या एका खोलीचे रक्तासारखे लाल छत, मध्ये उघडा दिवा आणि त्याकडे येणाऱ्या पांढऱ्या वायरी. एगल्स्टन हे चिल्टन कुटुंबाचे स्नेही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे प्रदर्शन १९७६ साली भरले आणि रंगीत छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. म्हणजे विसाव्या शतकातले एक गाजलेले छायाचित्र त्याआधी दोन वर्षे एका न खपणाऱ्या अल्बमवर छापलेले होते.

वितरणाची गाठ मात्र आणखी घट्ट झाली होती. मे १९७३ मध्ये कोलंबियाने क्लाइव्ह डेव्हिस यांना काढून टाकले आणि करारामागचा माणूसच गेला. पुढे कोलंबिया आणि स्टॅक्स यांच्यात बेबनाव वाढत गेला, आर्डेंटच्या तबकड्या हलवण्यात कोणालाच रस उरला नाही. 'रेडिओ सिटी' समीक्षकांनी वाखाणला आणि गोदामात राहिला. अँडी हमलने शिक्षण पुरे करण्यासाठी बँड सोडला.

१९७४ च्या शरदात चिल्टन आणि स्टीव्हन्स पुन्हा आर्डेंटमध्ये गेले. निर्माता होता जिम डिकिन्सन. स्थानिक वादक येत-जात, कार्ल मार्शने तंतुवाद्यांची रचना केली आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या 'फाम फाताल' या गाण्यावर स्टॅक्सच्या स्टीव्ह क्रॉपरने गिटार वाजवली. 'कँगरू' या गाण्याच्या घडणीवरून त्या दिवसांची कल्पना येते. चिल्टनने बारा तारांची गिटार आणि आवाज एकाच पट्टीवर एकत्र भरून ठेवले होते. ते एकमेकांपासून वेगळे करता येणार नव्हते, त्यामुळे पुढे कोणतीही सुबक मांडणी अशक्य. आता याचे काय करायचे ते तुम्ही बघा, असे ते निर्मात्याला दिलेले आव्हानच होते. डिकिन्सनने त्यावर मेलोट्रॉन हे कळफलकाचे वाद्य, कर्कश घुमणारी गिटार आणि वाटेल तेथे पडणारे ड्रम चढवले. गाणे कोसळेल असे सतत वाटते, आणि ते उभे राहते. अल्बमभर हीच अवस्था आहे. त्यातल्या विषण्णतेचे पुढे फार कौतुक झाले आणि 'थँक यू फ्रेंड्स'सारख्या उजळ गाण्यांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले.

१९७५ मध्ये मोजक्या चाचणी प्रती काढून फ्राय आणि डिकिन्सन कंपन्यांच्या दारी गेले. कोणी घेईना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टॅक्सचे दिवाळे निघाले. बँड कधीच विरून गेला होता. ख्रिस बेल दरम्यान एकट्याने गाणी करत होता. 'आय अॅम द कॉसमॉस' हे त्याचे गाणे मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि त्याचे मिश्रण लंडनला बीटल्सचे ध्वनिअभियंते जेफ एमेरिक यांनी केले. बीटल्सवेड्या मुलाला यापरते सुख नव्हते. पण तबकडी निघायला १९७८ साल उजाडले, तेही क्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराच्या छोट्याशा लेबलवर. तोवर बेल घरच्या हॉटेल व्यवसायात काम करू लागला होता. २७ डिसेंबर १९७८ रोजी त्याची गाडी विजेच्या खांबावर आदळली. तो २७ वर्षांचा होता. त्याची बाकीची गाणी अल्बमरूपाने येण्यास १९९२ साल लागले.

१९७८ मध्येच बिग स्टारचे दुसरे आयुष्य सुरू झाले. पीव्हीसी या छोट्या कंपनीने तिसरा अल्बम काढला आणि ब्रिटनमध्ये ईएमआयने पहिले दोन अल्बम एकत्र आणले. विक्री अजूनही बेताचीच होती. पण घेणारे बहुतेक जण स्वतः गिटार वाजवणारे किंवा तबकड्यांच्या दुकानात काम करणारे होते, आणि प्रभाव पसरायला तेवढे पुरले. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी अशाच एका दुकानात नोकरी करणारा पीटर बक पुढे आर.ई.एम. बँडचा गिटारवादक झाला आणि मुलाखतींतून बिग स्टारचे नाव घेत राहिला. १९८४ मध्ये ब्रिटनच्या दिस मॉर्टल कॉइल या गटाने तिसऱ्या अल्बममधली दोन गाणी नव्याने केली. १९८६ मध्ये बँगल्स या बँडने 'सप्टेंबर गर्ल्स' गायले, आणि त्यांचा तो अल्बम तुफान खपला. मिनियापोलिसच्या रिप्लेसमेंट्सनी १९८७ मध्ये थेट 'अॅलेक्स चिल्टन' नावाचे गाणे केले, तेही आर्डेंटमध्ये, डिकिन्सनच्या देखरेखीखाली. स्कॉटलंडच्या टीनएज फॅनक्लबचा १९९१ चा 'बँडवॅगनेस्क' ऐकताना तर पहिल्या दोन अल्बमांची आठवण पावलोपावली येते.

चिल्टन या सगळ्यापासून अंतर राखून होता. १९८२ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला गेला, काही काळ हॉटेलात भांडी घासली, मग जुनी सोल आणि जॅझ गाणी गात फिरू लागला. बिग स्टारबद्दल विचारले की तो फारसे बोलत नसे. तरी एप्रिल १९९३ मध्ये मिसुरी विद्यापीठातल्या कार्यक्रमासाठी तो आणि स्टीव्हन्स एकत्र आले. सिएटलच्या पोझीज बँडचे जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलो त्यांना मिळाले आणि ही चौकडी अधूनमधून सतरा वर्षे वाजवत राहिली. १९९८ पासून 'दॅट सेव्हन्टीज शो' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत म्हणून 'इन द स्ट्रीट'ची चाल अमेरिकेतल्या घराघरांत गेली, आवाज मात्र दुसऱ्याचा. २००३ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली, तेव्हा बिग स्टारचे तिन्ही त्यात होते.

१७ मार्च २०१० रोजी चिल्टन हृदयविकाराने गेला. त्याच आठवड्यात टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या संगीत महोत्सवात बिग स्टारचा कार्यक्रम ठरलेला होता. तो श्रद्धांजली म्हणून पार पडला. जुलैमध्ये हमल गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये जॉन फ्राय. आर्डेंटचा कारभार बराच काळ पाहणारा जोडी स्टीव्हन्स मूळ चौघांतला एकटा उरला.

तिसऱ्या अल्बमचा प्रश्न शेवटपर्यंत खुला राहिला. गाण्यांचा क्रम बँडने कधी ठरवलाच नव्हता. नावही पक्के नव्हते. 'थर्ड' की 'सिस्टर लव्हर्स', दोन्ही चालत. १९७८ च्या अमेरिकन आवृत्तीत एक क्रम, ब्रिटिश आवृत्तीत दुसरा आणि १९९२ च्या सीडीवर तिसरा. १९७४ च्या पट्ट्या फ्रायने जपून ठेवल्या होत्या. २०१६ मध्ये ऑम्निव्होर कंपनीने त्यांतून तीन सीडींचा संच काढला. एकट्या गिटारवरच्या कच्च्या खर्ड्यांपासून पुऱ्या झालेल्या गाण्यांपर्यंत ६९ ध्वनिमुद्रणे त्यात ओळीने आहेत, आणि 'कँगरू'वर एकेक थर कसा चढत गेला तेही त्यात ऐकता येते.